पाच किलोंपेक्षा कमी

बायकोच्या गादीखालचा वजनाचा पट्टा मी स्वतः बसवला होता आणि त्याचा प्रोग्रॅमही माझाच होता, कारण आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिलेल्या माणसाने घरच्या माणसासाठी विकतची वस्तू आणावी हे मला कमीपणाचे वाटले. आजारपणात तिचे पाय लटपटत, पण स्वभाव होता तसाच ताठ. कितीही अडले तरी हाक म्हणून मारायची नाही. म्हणून नियम साधा ठेवला. गादीवरचे वजन पाच किलोंपेक्षा कमी झाले की पलीकडच्या खोलीत माझ्या टेबलावर घंटा वाजायची. "आता कूससुद्धा चोरून बदलायची म्हणजे," ती म्हणाली होती, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघेही हसलो होतो.

त्या दुपारी घंटा वाजली नाही. ती मला बाथरूमच्या दारात सापडली, तेव्हा उशीर झाला होता.

नोंदी मी नंतर पाहिल्या. चौपन्न, चौपन्न, चौपन्न, आणि मग एकदम 'नॅन'. उठताना तिच्या पायात अडकून वायर निघाली होती. वजन वाचताच आले नाही की यंत्र त्या जागी हा शब्द ठेवते. ही संख्या नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रोग्रॅमने विचारले, हे पाचपेक्षा कमी आहे का? नाही. नॅन कशाहून कमी नसते, कशाहून जास्त नसते आणि कशाइतकेही नसते, अगदी स्वतःइतकेही नाही. कमी नाही म्हटल्यावर प्रोग्रॅम हाताची घडी घालून बसून राहिला. हे मला तीस वर्षे ठाऊक होते. नवशिक्यांना मीच बजावून सांगत असे.

मुलगी माझ्याकडे राहायला आली. "आईनं हाक मारायला हवी होती. तुमचं काय चुकलं, बाबा?" असे ती दर दोन दिवसांनी म्हणे आणि मी मान खाली घालून ऐकून घेई. तिला खरे सांगायचे होते, पण जीभ रेटत नव्हती.

वायर मी पुन्हा जोडली. रिकाम्या गादीवर शून्य आले, पुस्तकांच्या गठ्ठ्याला नऊ, मुलगी जरा टेकली तेव्हा एकसष्ट. मग मी आडवा झालो आणि उठून नोंद पाहिली, तर नॅन. पट्टा झिजला असेल म्हणून दुसरा आणला, तरी तेच. कालच्यापेक्षा मी कमी झालो का, नाही. वाढलो का, नाही. कालच्याइतकाच आहे का, तर तेही नाही.

त्याच आठवड्यात मुलीने जेवायला एकच ताट घेतले. मी तिच्या समोरच बसलो होतो.

"अगं, माझं?"

ती दचकली. "तुम्ही कधी आलात?" म्हणाली आणि लगबगीने उठून दुसरे ताट घेऊन आली. त्या दिवशी मला फार एकटे वाटले.

शेवटी मी नियम दुरुस्त केला. आधी एक प्रश्न वाढवला, ही संख्या स्वतःइतकी आहे का? प्रश्न वेडगळ दिसतो, पण त्याला 'नाही' म्हणणारे नॅन एकटेच, आणि तसे उत्तर आले की घंटा वाजणार. एका ओळीचे काम होते. तेवढ्या ओळीने ती वाचली असती.

रविवारी सकाळी मुलीला माझ्या टेबलाशी बसवले. "मी आईच्या जागेवर झोपतो. वायर ओढली की काय होतं ते बघ. मग तुला एक सांगायचंय."

"कशाला उगाच, बाबा?" म्हणत ती बसली.

मी आडवा झालो. उशीत अजून बायकोच्या डोक्याचा खळगा होता. वायरीला हात लावायच्या आधीच पलीकडे घंटा वाजू लागली. मुलगी धावत दारात आली, आणि मी पडल्या पडल्या, तिच्याकडे बघत, सगळे सांगून टाकले. चूक आईची नव्हती, माझ्या एका ओळीची होती. बोलता बोलता मला रडू फुटले, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

ती ऐकते आहे असे मला वाटले. मग ती पुढे झाली, मी अजून पडून होतो तिथल्या चादरीवरची सुरकुती तिने तळहाताने सारखी केली, आणि "बाबा, बाबा" करत बाथरूमच्या दाराकडे धावली.