चार दिवसांची ट्रायल

यतीनने चपला दारात काढल्या आणि आत येताच आधी स्पीकर पाहिले. डाव्या स्पीकरवर क्रोशाचा रुमाल घातला होता. त्याने मनातल्या मनात सौदा पक्का केला. ज्या वस्तूवर घरातली बाई क्रोशाचा रुमाल घालते, ती वस्तू त्या घरातून परत जात नाही, एवढं तो सहा वर्षांत शिकला होता.

केबिन रोडवरच्या ज्या दुकानात तो सेल्समन होता, त्याची पद्धत सोपी होती. म्युझिक सिस्टीम चार दिवस गिऱ्हाइकाच्या घरी ठेवायची आणि चौथ्या दिवशी परत न्यायला जायचं. यतीनने त्यात स्वतःची एक कला मिसळली होती. बोलता बोलता, ऐन गाण्यात, तो हळूच पॉजचं बटण दाबायचा. घरात एकदम जी शांतता पडते, ती निम्मं काम करून टाकते. जो सगळ्यात आधी चमकून मान वर करतो त्याच्याशीच मग बोलायचं, बाकीच्यांना नुसता नमस्कार. ही युक्ती आजवर फसली नव्हती आणि यतीनला तिचा थोडा माजही होता.

"ये, बस," गुणवंतकाका म्हणाले. ते मांडीवर ताट घेऊन मटार सोलत होते.

उर्मिलाकाकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. सीडीवर अभंग चालला होता आणि त्यांचा हात गुडघ्यावर ताल देत होता. गिरगावात असताना त्या भजनी मंडळात पुढे बसून गायच्या. मीरा रोडला आल्यावर दोन वर्षांत एक कान गेला, मग दुसरा उतरणीला लागला. कानाचं मशीन शिट्टी मारतं म्हणून कपाटात जाऊन पडलं. म्हणून तर काकांनी दुकानात फोन केला होता. पहिल्या दिवशी त्यांनी एकच विचारलं होतं, "हिला ऐकू येईल ना रे?" आणि कानाच्या दुखण्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या यतीनने छातीठोकपणे सांगितलं होतं, "काका, काकू परत गायला लागतील."

काकूंनी डोळे उघडले आणि त्याला पाहून हसल्या.

"छान वाजतंय हो. अगदी समोर बसून गातायत असं वाटतं."

"मग काका? मी म्हटलं नव्हतं?"

काकांनी पुढची शेंग उचलली. काकूंनी पुन्हा डोळे मिटले. यतीनने खरेदीचा फॉर्म हातात काढून ठेवला, उठला, वायर तपासल्यासारखं केलं आणि कडव्याच्या मध्यावर बटण दाबलं.

घर गप्प झालं. ताटात पडणाऱ्या मटारांचा आवाज तेवढा येत राहिला.

काकूंचा हात थांबला नाही. मान त्याच लयीत हलत होती. समेवर हात अगदी जागच्या जागी पडला आणि ओळ जिथे संपते तिथे त्या हलकेच "वा" म्हणाल्या.

यतीनचं बोट बटणावरच राहिलं. दुसऱ्याचं पत्र उघडून वाचल्यासारखी त्याला लाज वाटली. त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केलीच नव्हती.

"सोमवारी लोडशेडिंग झालं तेव्हाच कळलं मला," ते म्हणाले. गरज नसताना अगदी हळू बोलले. "गाणं बंद पडलं, तरी ही ताल देतच राहिली. पुढचे दोन अभंगसुद्धा. सीडीतले सगळे अभंग पाठ आहेत तिला, तरुणपणापासून."

"म्हणजे काकूंना काहीच..."

"काहीच नाही. माझ्यासाठी करतेय. मी एवढ्या हौसेनं आणलं ना."

 मग यतीनच्या तोंडून जे निघालं, ते मालकाने ऐकलं असतं तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं असतं.

"काका, चूक माझी झाली. मी तसं बोलायला नको होतं. मी नेतो परत. बिघडलंय म्हणून सांगतो काकूंना, तुम्हाला काही बोलावं लागणार नाही."

काकांनी शेवटची शेंग सोलली. सालं पेपरात गुंडाळून ठेवली, हात पुसले.

"नेऊ नकोस," ते म्हणाले. "नेलंस, तर मला कळलंय हे तिला कळेल."

त्यांनी यतीनच्या हातातला फॉर्म घेतला आणि चष्मा न लावताच सही केली. मग उठले, त्याचं बोट हलकेच बाजूला करून स्वतः बटण दाबलं. अभंग जिथे थांबला होता तिथूनच सुरू झाला. काकू तोवर बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या.

काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. क्षणभर त्यांनी बायकोच्या हाताकडे नीट पाहिलं आणि गाणं सोडून तिच्या हाताबरोबर आपल्या गुडघ्यावर ताल धरला.