अर्ध्या बाटलीचं तीर्थ

माझी बायको गेली, हे मला भोंग्यातून कळलं.

मंगळवार होता. वरवट बकालच्या पुढे एका मळ्यात तीर्थबाबाचा दरबार भरायचा. जनकाबाई आमच्या लहानग्या नातीला, वैष्णवीला घेऊन आत रांगेत होती. मी दरबार मानत नाही, म्हणून बाहेर टपरीवर चहा घेत बसलो होतो. आत टाळ्या चालू होत्या, त्या थांबल्या आणि भोंग्यातून आवाज आला, "भक्तहो, जागेवर बसा. एका माऊलीनं नातीचा ताप आपल्या अंगावर घेतला अन् देह ठेवला. जनकामायले हात जोडा."

मी आत धावलो. ती सतरंजीवर पडली होती. ओठ सुजून जाड झालेले, पापण्या फुगलेल्या, गळ्यावर लाल गांधी. बायका तिच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावत होत्या. वैष्णवी बाजूला रडत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

"पंजाबराव, नशीबवान आहा तुमी," बाबा म्हणाला. "हे सूज नोहे, तेज आहे. पुण्य आतून फुगून वर येते."

श्वास कोंडून माणूस मेलं तर त्याला तेज म्हणायचं, आणि ते नवऱ्याला तोंडावर सांगायचं. एवढं धाडस अभ्यासानंच येत असावं.

मी पोस्टमार्टेमचं नाव काढलं तर चुलतभाऊ गुलाबराव अंगावर आला. "पुण्यवान बाईले चिरता काय बे? लोक दर्शनाले येऊन राह्यले अन् तुले दवाखाना सुचते." त्याच दिवशी तिला अग्नी दिला.

आता हा बाबा. आधी तो मलकापूरच्या हायवेवर ट्रकांना लिंबू-मिरची बांधायचा. तिथे जमलं नाही म्हणून पोरांच्या तापाकडे वळला. त्याचे नियम दोन. पहिला: पोराचा ताप उतरला की दवाखान्याच्या औषधाची बाटली घरात ठेवायची नाही. तिच्या गळ्याला लाल दोरा बांधून बाबाला वाहायची. घरात ठेवली तर रोग बाटलीचा माग काढत परत येतो म्हणे. दुसरा: आजारी पोराला तीर्थ द्यायच्या आधी घरातल्या थोर माणसानं चमचाभर घ्यायचं. आधी थोरानं, मग पोरानं. तीर्थ गुलाबी, गोड, आंब्याच्या वासाचं. अनेक पोरांना गुण यायचा. ज्यांना यायचा नाही, त्यांच्या आईची श्रद्धा कमी पडलेली असायची. बाबाकडे कमी पडलेलं काहीच नसायचं.

त्या मंगळवारनंतर उतरलेला वैष्णवीचा ताप जनकाबाईच्या तेरवीआधीच परत चढला. कान धरून कण्हत होती. मुलगा कामाला बाहेरगावी. सून दीपमाला म्हणाली, "मामाजी, बाबाकडे नेतो हिले. आत्याबाईनं जीव देल्ला हिच्यासाठी, तो काय वाया जाऊ द्याचा?"

"बाई, एक जीव गेला तिथं. दुसरा नेऊन कायले ठेवतं?"

"तुमाले तं काहीच पटत नाही."

"एक डाव दवाखान्यात दाखवू. मंग तू म्हनशीन थे."

आरोग्य केंद्रात डॉक्टर आसमा होत्या. त्यांनी वैष्णवीचा कान पाहिला आणि विचारलं, "आधी दिलेलं औषध संपवलं का?"

"ताप उतरला तं बाबाले वाहिली बाटली," दीपमाला म्हणाली. "अर्धी उरली होती. चांगल्या पोरीले कायले पाजा?"

"ताप उतरला म्हणजे सगळे जंतू मेले असं नाही, ताई. अर्ध्यात सोडलं की उरलेले पुन्हा उठतात. तेच झालंय."

त्यांनी औषधाची कोरडी पूड भरलेली नवी बाटली घेतली, उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत ओतलं, हलवली आणि मापाच्या टोपणातून पहिला डोस पाजला. वैष्णवीनं ओठ चाटले.

"हे तं बाबाचं तीर्थ आहे," ती म्हणाली. "पण बाबाचं पातळ लागते."

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "आजीनं ते तीर्थ घेतलं होतं?"

"पहिला चमचा तिचाच."

"त्यांना कोणतं औषध सोसत नव्हतं का?"

मला मलकापूरच्या दवाखान्यातलं आठवलं. आमच्या मुलाच्या, प्रेमानंदच्या जन्मानंतर एक इंजेक्शन दिलं आणि जनकाबाईचे ओठ असेच सुजले होते. वेळेवर सावरली. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्यात गेली की आधी सांगायची, मले थे पेनिसिलीन चालत नाही. डॉक्टरला सांगायची. तीर्थाला कोण सांगणार?

"हे औषध त्याच जातीचं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "देह राहिला नाही, म्हणून शंभर टक्के सिद्ध होणार नाही. पण मला दुसरं काही दिसत नाही."

पुढच्या मंगळवारी मी, दीपमाला आणि डॉक्टर दरबारात गेलो. डॉक्टर आसमा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाबा, तीर्थ इथंच बनवून दाखवा."

"तीर्थ बनत नाही, बाई, उतरते," बाबा म्हणाला. "वरून."

"वर कुठं? तुमच्या पडद्यामागं?" असं म्हणून मी पडदा ओढला.

मागे लाल दोऱ्यांच्या बाटल्यांचा ढीग होता. बाजूला तांब्याचा कलश, साखरेच्या पाकाचं भगोनं आणि पाण्याची बादली. वेगवेगळ्या पोरांची उरलेली औषधं एकत्र ओतायची, पाक आणि पाणी घालायचं, झालं तीर्थ. काही औषधं उन्हात ठेवून फसफसलेली. ज्या पोराच्या वाट्याला जरा बरं औषध यायचं, त्याचा ताप उतरायचा. काहींचा ताप आपोआपच उतरणारा असायचा. श्रेय सगळं बाबाचं.

रांगेत उभ्या असलेल्या गावातल्या रुखमाबाईनं पुढे येऊन ढिगातली एक बाटली उचलली. "हे तं माह्या शिवमची. नाव लिवलं आहे पाय दुकानदारानं. म्या वाहिली, अन् माह्याच शेजारणीच्या पोराले पाजली काय रे मेल्या?"

"औषध डॉक्टरचं असीन," बाबा म्हणाला, "पण गुण माह्या हाताचा."

"मंग माह्या बायकोच्या वेळी हात कुठी ठेवला होता?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाबा मळ्यात नव्हता.

मी शिकलेला माणूस नाही, म्हणून साधं सांगतो. डॉक्टरनं जितके दिवस सांगितलं तितके दिवस औषध द्या, पोरगं खेळायला लागलं तरी. घरचा चमचा वापरू नका, बाटलीसोबत आलेल्या मापानं द्या. दर वेळी बाटली हलवा. एकाचं औषध दुसऱ्याला पाजू नका. उरलं तर जपून ठेवू नका. पाणी मिसळलेलं औषध थोडेच दिवस टिकतं. आणि कोणाला कोणतं औषध सोसत नाही, ते आधी सांगा. जो तुमचं ऐकून न घेता काही पाजतो, त्याच्या हातचं घेऊ नका.

वैष्णवीनं या वेळी बाटली पूर्ण केली. डोस मी स्वतः मोजला. कान बरा झाला.

पण जनकाबाई पडली त्या जागी लोकांनी ओटा बांधला आहे. त्यावर शेंदूर आहे. परवा गेलो तर लाल दोरा बांधलेल्या अर्ध्या बाटल्या तिथे मांडलेल्या होत्या. बाटल्या मी पिशवीत भरून डॉक्टरांकडे दिल्या. ओटा फोडायला पहार घेऊन परत गेलो, तर रुखमाबाईच आडवी आली.

"बाबा खोटा होता, भाऊ. पण जनकामाय तं खरी होती ना?"

खरी होती. म्हणून तर तिच्या नावावर पोरांची औषधं अर्धी सुटू नयेत. हे मी रुखमाबाईला सांगितलं. ती हलली नाही. मागे आणखी बायका उभ्या राहिल्या.

ओटा फोडायचा राहिला आहे.