ब्रायर गल्चचा कोरम

शोभनाताईंनी वॉल्टरच्या दारापुढचा बर्फ फावड्यानं उपसला आणि पुन्हा दार वाजवलं.

"आज तरी चल. तू आलास तरच कोरम होतो."

आतून फक्त खोकला ऐकू आला.

कोलोरॅडोच्या डोंगरातलं ब्रायर गल्च चांदीच्या खाणकामगारांनी वसवलं होतं. १८८८ साली त्यांनी नगरपालिकाही काढली. पुढे खाण बंद पडली, शाळा गेली. २००६च्या मार्चमध्ये गावात सतरा माणसं उरली होती. महिनाअखेरपर्यंत सभा झाली नाही तर नगरपालिका बरखास्त, असं काउंटीचं, म्हणजे जिल्हा प्रशासनाचं, पत्र आलं होतं. सभेला तिन्ही सदस्य लागत: शोभनाताई, पोस्टातली हेलन आणि वॉल्टर.

शोभनाताईंचे यजमान त्र्यंबकराव खाणीत इंजिनिअर म्हणून आले आणि खाण गेल्यावरही इथंच राहिले. वीस वर्षं ते गावाचे मेयर होते. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी आश्लेषा दूरच्या प्लेनो शहरातून दर रविवारी फोनवर म्हणे, "आई, इनफ झालं आता. मूव्ह हो इकडे." पण त्र्यंबकरावांचं गाव आपल्या हातून बुडावं, हे शोभनाताईंना सोसवत नव्हतं.

"पाया पडते रे तुझ्या," त्या दाराला कपाळ टेकून मराठीतच म्हणाल्या.

दार उघडलं.

सभागृहात तिघं बसले. हजेरी होताच वॉल्टरनं हात वर केला.

"माझा ठराव आहे. नगरपालिका बंद करावी. रस्ता काउंटीकडे द्यावा."

"माझा विरोध," हेलन म्हणाली.

शोभनाताई त्याच्याकडे वळल्या. "यासाठी आलास?"

वॉल्टर टेबलाकडेच बघत होता.

"घरी बसलो असतो तरी ती बंद पडली असती, पण कारण तुला माझ्या तोंडून कळायला हवं. त्र्यंबकच्या छातीत दुखायला लागलं त्या सकाळी आपली बर्फ काढायची गाडी सुरूच होईना. दीड तास मी झटत होतो. काउंटीच्या गाडीनं खालच्या वळणापर्यंत रस्ता मोकळा केला होता. पुढं त्यांची हद्द नव्हती. अँब्युलन्स तिथंच उभी राहिली."

"मला सांगितलं, वादळ होतं म्हणून."

"सांगायचा धीर झाला नाही, शोभना."

हेलन चष्मा काढून पुसत बसली.

इतिवृत्त लिहिणं शोभनाताईंचंच काम होतं. त्यांनी वही ओढली. ठरावाच्या बाजूला वॉल्टरचं नाव लिहिलं, विरोधात हेलनचं. पेन बराच वेळ कागदावर टेकलेलं राहिलं. मग वॉल्टरच्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

बाहेर पायऱ्या निसरड्या होत्या. उतरताना त्यांनी वॉल्टरचा दंड घट्ट धरला.