बारावा चमचा

अकरा चमचे.

आयर्लंडमध्ये पन्नास सेंटिमीटरहून लांब पाइक मासा घरी नेता येत नाही. पकडायचा, गळातून सोडवायचा, पाण्याला परत द्यायचा.

लहान मुलाच्या घशात बघायचं असेल तर नुसतं "आ कर" म्हणून भागत नाही. आधी आपल्याला आ करावा लागतो.

"निशू, मला वाटलं तो आयकियाचा आहे."

लव्हाळ्यात शिरलेली हिरवी बोट. थर्मासमधला चहा अजून गरम.

"दूध घेऊन येतो. आणि ऐक, ती आज आली होती."

*

ती म्हणजे मासोळी. हे आधी सांगितलेलं बरं, कारण हरीश ज्या सुरात 'ती' म्हणायचा, त्याने कुठल्याही बायकोची भुवई वर गेली असती. एनिस गावापासून वीस मिनिटांवरच्या तळ्यातली म्हातारी पाइक, मीटरभराहून लांब. दात असे, की नायलॉनचा धागा दोऱ्यासारखा तुटावा. हरीशने तिला एकदाच बोटीपर्यंत आणलं होतं, फोटो काढला होता, आणि जाळं खाली घालेपर्यंत ती गेली होती. फोटोत डाव्या कल्ल्यामागचे चार पिवळे ठिपके एकमेकांना चिकटून आडवी रेघ झालेली. माणसांचे अंगठे तसे पाइकचे ठिपके, दोघींचे सारखे नसतात. तो फोटो हरीशच्या फोनच्या पडद्यावर मुलीच्या, तन्वीच्या, फोटोच्या जागी आला, तेव्हा घरात पहिली ठिणगी पडली.

हरीश नागपूरचा, घरचे माळकरी. मासा त्याने आयुष्यात तोंडात घातला नव्हता. शॅननला सॉफ्टवेअरची नोकरी आणि रविवारी तळं.

"खायचा नाही, आणायचा नाही, मग करता काय तिथे?" निशिगंधा विचारायची.

"भेटून राहिलो ना आम्ही," तो म्हणायचा.

निशिगंधा पुण्याची, एनिसच्या हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञ. तिच्या लग्नात आईने बारा चमचे दिले. भांड्यांवर नाव घालायची आपली रीत. पण नाव घालतात पातेल्यावर, परातीवर. आईने दुकानदाराला चमच्यांवर घालायला लावलं. "पातेली कोण नेतंय? हरवतात ते चमचेच," असं तिचं म्हणणं. दांडी नक्षीची, म्हणून खोलगट भागाच्या पाठीवर मशीनने टिंबाटिंबांनी कोरलं: निशू, आई. बाराच्या बारा. आई गेली तेव्हा निशिगंधा ड्यूटीवर होती. तिकीट मिळून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता. चमचे प्रेसमध्ये, म्हणजे एनिसमध्ये कपाटाला जे म्हणतात त्यात, वरच्या फळीवर असत. सणाला खाली येत.

ऑक्टोबरच्या एका रविवारी हरीशने त्यातला एक उचलला. विकतची सगळी आमिषं त्या मासोळीने हुंगून सोडली होती, आणि बोटवाला मॅटी म्हणाला होता की त्याचा बाप स्वयंपाकघरातला चमचा कापून गळाला लावायचा. हरीशने दांडी करवतीने कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, तीन तोंडांचा गळ लावला. चमचा उलटा करून पाठ पाहिली नाही. पोलादी तार लावायचीही विसरला. चौथ्या फेकीला मासोळीने चमचा घेतला, आणि धाग्यासकट घेऊन गेली.

पुढच्या रविवारी दिवाळीचं म्हणून निशिगंधाने चमचे खाली काढले. मोजले. पुन्हा मोजले.

"निशू, मला वाटलं तो आयकियाचा आहे."

तिने आवाज चढवला नाही. तिचा आवाज कधीच चढत नाही, म्हणून तर आजारी मुलं तिच्याकडे येतात. ती एवढंच म्हणाली, "जा. तो चमचा घेऊनच ये. नाहीतर घरी येऊ नकोस."

त्या दिवशी तो जाणार नाही, असं निशिगंधा धरून चालली होती. तन्वीचा शाळेचा प्रोजेक्ट होता, बाहेर वारा होता. दोनदा म्हणाला होता, आज घरीच आहे. तिच्या वाक्यानंतर त्याने जाकीट घातलं आणि गेला.

दुपारी दोनला मॅटीला बोट लव्हाळ्यात दिसली. हरीश बसलेला होता, हनुवटी छातीवर. हृदय. रिपोर्ट निशिगंधाने स्वतः वाचला. डावीकडची मुख्य धमनी, वर्षानुवर्षांचं साठलेलं. तो पायऱ्या चढताना गेला असता, जेवताना गेला असता. डॉक्टर म्हणून तिला हे कळत होतं. पण वाक्य तिचं होतं, आणि ते कुणी रिपोर्टात लिहिलं नव्हतं. तिनेही कुणाला सांगितलं नाही.

चमचा मात्र तिकडे होता. त्या जबड्यात. तो आणता आला तर निदान तेवढं तरी परत आलं असतं.

*

पहिला हिवाळा: निशिगंधाचा गळ पाण्यात कमी, स्वतःच्याच बाहीत जास्त. मॅटी सत्तरीचा, शब्दांचा कंजूष. तो वल्ही मारी आणि बघत राही.

"टोपी घाला, डॉक्टर. तुम्ही आजारी पडलात तर मी कुणाकडे जायचं?"

"मी लहान मुलांची डॉक्टर आहे."

"तेच म्हणतोय."

दुसरा हिवाळा: दोनदा लागली. दोन्ही वेळा लव्हाळ्यात घुसून सुटली. एकदा शेपूट दिसली, मनगटाएवढी जाड. निशिगंधाने ड्यूट्या बदलून घेतल्या. रविवार रिकामे ठेवले. पोलादी तारेच्या गाठी शिकली. टाके घालणाऱ्या हातांना ते अवघड नव्हतं. तन्वी तेरा वर्षांची झाली, ते पण एका रविवारी. केक संध्याकाळी कापला.

"यू स्मेल लाइक बाबा," तन्वी म्हणाली. मराठी सगळं कळतं तिला, बोलते इंग्रजीत.

तिसरा हिवाळा, फेब्रुवारी. पाणी शिशासारखं. सकाळी दहाच्या सुमाराला धागा थांबला. ओढ नाही, झटका नाही; जसं कुणी पाण्याखालून नुसतं धरून ठेवावं.

"तीच," मॅटी म्हणाला, आणि या वेळी बोट लव्हाळ्यापासून दूर वल्हवत नेली.

पंचवीस मिनिटं. शेवटी ती कुशीवर झाली, थकून. जाळ्यात मावेना. मॅटीने ओल्या चटईवर घेतली. एकशे सहा सेंटिमीटर. डाव्या कल्ल्यामागे चार ठिपके, एकमेकांना चिकटलेले.

निशिगंधा गुडघ्यांवर बसली. खिशातून छोटा टॉर्च काढला, हॉस्पिटलातला लांब चिमटा काढला. कल्ल्याखाली बोटं सरकवून जबडा उघडला आणि नकळत स्वतः आ केला. आधी आताचा गळ काढला. मग टॉर्च फिरवला. वर, खाली, दातांच्या रांगा, जीभ, घशाची फिकट गुलाबी भिंत. पुन्हा. तिसऱ्यांदा.

काही नव्हतं. जबड्याच्या कोपऱ्यात एक पांढरट वण, भाताच्या शिताएवढा. भरून आलेला, जुना.

"आत गेला असेल," ती म्हणाली. "पोटात."

"नाही," मॅटी म्हणाला. "झटकून टाकतात. आठवड्यात, दोन आठवड्यांत. दगडाला घासतात, गळ गंजतो, पडतो."

"तुला माहीत होतं?"

"इथे सगळ्यांना माहीत असतं."

"तीन हिवाळे, मॅटी."

तो वल्ह्यावरची शेवाळाची पट्टी नखाने काढत राहिला. "पहिल्या दिवशी सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तुम्ही टोपी न घालता आला होतात. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू."

मासोळीचे कल्ले उघडमीट करत होते. निशिगंधाने तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, शेपटीशी एक हात, पोटाखाली एक. लगेच सोडलं तर ती उलटी होते. तिच्यात जीव येईपर्यंत धरून ठेवावं लागतं. बर्फासारख्या पाण्यात हात बधिर झाले. त्या अंगात कुठेही काहीही नव्हतं तिच्या घरचं, तरी हात सुटेनात. चमचा खाली चिखलात होता, पाच मीटरवर असेल, पाचशेवर असेल. मग हातांत एक जोराची लाट आली आणि हात रिकामे झाले.

मॅटीने थर्मास पुढे केला. तिने मानेने नको म्हटलं. मग घेतला.

*

घरी तन्वी टोस्टला लोणी लावत होती.

"डिड यू गेट हर?"

"मिळाली."

"अँड?"

"सोडून दिली." निशिगंधा जाकीट न काढताच खुर्चीवर बसली. बोटं अजून वाकत नव्हती. "तनू, त्या दिवशी मी बाबाला काहीतरी म्हटलं होतं. जाताना."

"आय नो." तन्वी वळली नाही. सुरी टोस्टवर फिरत राहिली, लोणी कधीच संपलं होतं. "आय वॉज ऑन द स्टेअर्स."

तन्वीने टोस्टची बशी निशिगंधासमोर ठेवली आणि तिच्या जाकिटाची चेन खाली ओढून दिली, तिच्याकडे न बघता. दोघींनी खाल्लं. बाहेर ढगांनी दुपारीच अंधारून आलं होतं. कुणी उठून दिवा लावला नाही.

त्या दिवाळीतल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी सहाला, हरीशने मॅटीला फोन करून दुसऱ्या दिवशीची बोट सांगून ठेवली होती.