विसावा चमचा

सिस्टरांच्या एप्रनच्या खिशात बदलीचा अर्ज होता. पाचच्या आत तो कार्यालयात पोचला नाही, तर नेत्रविभागातली जागा दुसरीला जाणार होती. मनोरुग्णांच्या वॉर्डात बावीस वर्षं काढल्यावर गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. सही तेवढी सिस्टरांची राहिली होती.

"आई, डोळ्यांचा पेशंट पट्टी बांधून गुमान पडतो आणि तिसऱ्या दिवशी घरी जातो. तुला आणखी काय हवं?" लेकीने महिनाभर हाच घोशा लावला होता.

दुपारी सिस्टर वॉर्डातल्या एका पेशंटला, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना, सूप भरवत होत्या. काकांनी नऊ आठवड्यांत तोंडातून शब्द काढला नव्हता. सिस्टर दोघांच्या वाटचं बोलत.

"पाणचट आहे, मला माहितीये. तुम्ही तक्रार करा, मग बघते त्या स्वयंपाक्याकडे."

काका भिंतीकडे बघत राहिले. तेवढ्यात लेकीचा फोन आला. "भरला का अर्ज?" "भरते गं बाई, भरते!"

जेवणानंतर चमचे मोजायचे आणि वीस भरल्याशिवाय दार उघडायचं नाही, हा वॉर्डाचा नियम. आज एकोणीसच भरले.

गाद्या उलटल्या. कचऱ्याची बादली उपसली. सिस्टरांनी एकेकाची माफी मागत सगळ्यांचे खिसे तपासले. वॉर्डातल्या मावशींनी तर झाडूचा कुंचाही झटकून पाहिला. दाराबाहेर डॉक्टर ताटकळले होते.

"डॉक्टर, तुम्ही नाही ना नेला?" मावशींनी काचेतून विचारलं.

अर्धा तास असा गेला. मग मागून खरखरीत, गंजल्यासारखा आवाज आला.

"सिस्टर, तुमच्या खिशात आहे."

सगळे जागच्या जागी थबकले. सिस्टरांनी खिशात हात घातला. अर्जाच्या घडीत, सुपाने माखलेला चमचा. फोन काढताना आत गेलेला.

आवाज त्यांनी नेहमीचाच ठेवला. "मग आधी नाही का सांगायचं, काका?"

"तुम्ही सगळ्यांचे खिसे बघत होतात." काकांनी चमच्याकडे पाहिलं. "म्हटलं, येईल तुमचीही पाळी."

मावशी हसता हसता खालीच बसल्या.

रुग्ण बोलला की ते वेळेसकट लगेच टिपायचं, ही सिस्टरांची जुनी सवय. नोंदवही टेबलावर, दूर. हाताशी कागद एकच होता. त्यांनी तो पालथा केला आणि लिहिलं: दुपारी एक पन्नास. स्वतःहून. तीन वाक्यं. खोचक. मग खोचक शब्दाखाली रेघ मारली.

"उद्या सुपाबद्दलही बोलणार का?" त्यांनी विचारलं.

काका पुन्हा भिंतीकडे वळले होते. पण मान हलली. हलली असावी. उद्या पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं.

साडेचारला परत फोन. "आई, भरलास ना अर्ज?"

"भरला की."

"आणि दिलास?"

"तो कसा देता येईल? काकांच्या फाइलला लावलाय."