बाहेरून सोनेरी, आतून हिरवी

मित्रांनो, मी एक जुनी डेग आहे, तांब्याची. कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये नव्या वर्षाचं प्रेमभोजन माझ्यात शिजायचं. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका. तांबटाने ठोकठोक ठोकलं तेव्हा हे पोट गोल झालं. स्टीलच्या भांड्यांसारखी मी यंत्रातून टुणकन बाहेर पडलेली नाही.

माझ्यातल्या रश्श्याला काय नावाजायचे! पहिल्या तारखेची उपासना संपली की अख्खी मंडळी एका पंगतीत. पण तांब्याला आतून कथलाचा लेप, म्हणजे कल्हई, लागते. नाहीतर अन्नाचं विष होतं. म्हणून एकतीस डिसेंबरच्या सकाळी मला अंगणात भट्टीवर चढवायचे. मी पडले अवजड. दोन कडी दोघांनी धरली, तरच विस्तवावर फिरते. आणि मंडळीची रीत अशी, की वर्षभर ज्यांचा अबोला आहे त्या दोघांनीच ती धरायची. गप्प राहून चालतंय कुठे? एकाने "फिरव" म्हटलं नाही तर दुसऱ्याचा हात भाजतो. कितीतरी अबोले माझ्या धुरात संपले. काही नाही संपले, तेही सांगते. पण तोंडं समोरासमोर तरी आली.

मग केटरर आला आणि मी अडगळीत गेले. माझ्या पोटात झाडू ठेवले. झाडू!

यंदा सेक्रेटरी विश्वजितने मला बाहेर काढलं. वाटलं, माझे दिवस फिरले. कसलं काय! गड्याने मला बाहेरून सोनेरी ऑइलपेंट फासला, आत कापूस भरला आणि नाताळच्या देखाव्यात बर्फ म्हणून मांडलं. बर्फ! कळंब्याच्या तळ्यावर कधी पडला होता का बर्फ? माझ्याच शेजारी उभा राहून विश्वजित माइकवर म्हणाला, "सरत्या वर्षात आपण आपापलं अंतःकरण तपासू या." त्याचा सख्खा थोरला भाऊ बाळासो मागच्या बाकावर बसला होता. आई वारली तेव्हा तिच्या कबरीच्या दगडावर कुणाचं नाव आधी, यावरून दोघांचं फाटलं. तेव्हापासून एक पंगतीला बसला की दुसरा उठतो.

एकतीसच्या सकाळी विश्वजित म्हणाला, "केटररचा रस्सा उद्या हिच्यात ओता. फोटो झकास येतोय."

एस्तेरकाकी लसूण सोलत होती. माझ्यातला रस्सा इतकी वर्षं तिच्याच हातचा. ती उठली, कापूस उपसला, आत हात फिरवला आणि हिरवा पंजा त्याच्या तोंडासमोर धरला.

"हे काय हाय रं?"

"काकी, जरा डाग पडल्यात. धुतलं की झालं."

"उद्या पोरं वकत बसली म्हंजे? बाहेरनं सोनं नि आत जहर! तुझ्या प्रार्थनेगत."

तिने कल्हईवाल्या निसारला बोलावलं. त्याच्या बापानेच मला आधी कल्हई केलेली. कोळसे पेटवता पेटवता तो म्हणाला, "काकी, ही म्हातारी नटलीया कुणासाठी? दुसरं लगीन हाय व्हय?"

माझा असा संताप झाला! पण रंग तर अंगावरच होता.

"दोन माणसं द्या," निसार म्हणाला. "एकट्याच्यानं ही फिरायची न्हाय."

काकीने एक कडं विश्वजितला दाखवलं आणि फाटकाकडे बघून ओरडली, "बाळासो, बाह्या वर कर नि हिकडं ये!"

"त्येच्यासंगं मी धरायचो न्हाय," विश्वजित म्हणाला.

"मग उद्या मी पंगतीला न्हाय. माझ्यामागनं अर्धं चर्च बी न्हाय. काढ तुझा फोटो रिकाम्या ताटांचा!"

दोघांनी ओलं गोणपाट गुंडाळून कडी धरली. सोनेरी रंगाला फोड आले, करपट वास सुटला, पापुद्रे गळाले. निसारने नवसागर टाकला तसा पांढरा धूर उठला. मी एका अंगाला कलले. विश्वजित दातओठ खात गप्प, आणि बाळासोचं बोट चटकलं.

"अरं फिरव की, मुडद्या! भाजलो न्हवं!"

"मग तोंडानं सांगायचं की! मुका हाईस व्हय?"

"तूच बोलत न्हाईस!"

"मग आता कोण बोलतंय? शेजारी?"

निसारने हसू दाबलं, कथील टाकलं आणि देखाव्यातला तोच बर्फाचा कापूस घेऊन घासलं. माझं पोट चांदीसारखं लखलखलं. दोघांनी वाकून आत पाहिलं. दोन्ही तोंडं सारखीच काळी! विश्वजितने रुमाल नळाखाली भिजवला आणि भावाच्या बोटाला गुंडाळला.

केटररला नको म्हणून फोन गेला. दुसऱ्या दिवशी रस्सा काकीने माझ्यातच शिजवला. दोघं भाऊ एका पंगतीत बसले, मध्ये दोन ताटं सोडून. कुणी उठलं नाही. दगडावरच्या नावाचा निकाल अजून लागायचाय, त्यामुळे मी काही नाचत नाही. फोटोत मी काळी ठिक्कर आले. येऊ दे!

मित्रांनो, वर्ष बदललं की तुम्ही भिंती रंगवता, नवे कपडे घालता, देवापुढे गोड गोड बोलता. माझं रागाचं बोलणं ऐका. कल्हई एकदा करून भागत नाही, ती झिजते. येत्या डिसेंबरात पुन्हा वरून रंग फासायला आलात तर याद राखा. आधी विस्तव पेटवा. माझं दुसरं कडं कुणी धरायचं, ते नाव तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याला हाक मारा.