बोळात मावेल अशी गाडी

आष्ट्याजवळच्या त्या गावात आकारामच्या घराकडे जाणारा बोळ मारुतीच्या देवळाचा कट्टा आणि भाऊसोच्या घराची दगडी भिंत यांच्यामधून जायचा. बैलगाडी जाईल एवढाच तो रुंद होता, आणि बैलगाड्या होत्या तोवर कुणाला अरुंद वाटलाही नव्हता. आकारामची जुनी जीप मात्र बोळाच्या तोंडाशीच अडायची. तिथून घर चार उंबरे पुढे. पण त्याच्या बायकोला, राहीबाईला, आता तेवढंही चालवत नव्हतं.

तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसला जावं लागे. जाताना ती भिंतीला हात लावत कशीबशी जीपपर्यंत यायची. परत येताना पोटऱ्यांत गोळे आलेले असायचे, अंगात उभं राहण्याचं त्राण नसायचं. मग पुतण्या शिवतेज तिला दोन्ही हातांवर उचलून बोळातून घरी न्यायचा. कट्ट्यावरची माणसं तेवढ्यापुरती दुसरीकडे बघायची आणि राहीबाई पदर तोंडावर ओढून घ्यायची.

जीप चालवायचा तोही शिवतेजच. पण तो आता फौजेत भरती झाला होता. दिवाळी झाली की ट्रेनिंगला निघायचा होता. आकारामचा मुलगा जयराज आधीच सरहद्दीवर होता. घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी उरत नव्हतं.

खरं तर आकाराम फौजेत ड्रायव्हर होता. लडाखच्या घाटांतून त्याने वर्षानुवर्षं ट्रक नेले होते. तिथेच एकदा गाडी बर्फावरून घसरून खाली गेली. जीव वाचला, पण डावा गुडघा कायमचा आखडला. पाय राहिला, त्याचं वाकणं गेलं, आणि त्याबरोबर क्लच दाबणंही. त्यात माणूस सहा फुटांवर तीन बोटं उंच. निवृत्त होऊन आल्यापासून तो शिवतेजच्या शेजारी बसून रस्ता बघायचा आणि वळण आलं की त्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

मुलगी दीपमाला साताऱ्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. शिवतेजचं कळल्यावर तिचा फोन आला.

"आबा, आईला माझ्याकडं आणा. दवाखाना घराच्या मागंच आहे. तुम्हीपण या."

बोलणं शहाणपणाचं होतं. पण उभा ऊस आणि दावणीची जनावरं टाकून आकाराम जाणार कसा? आणि लेकीच्या घरी कायमचं राहायला जाणं त्याला कल्पनेतही जमत नव्हतं. त्याने राहीबाईला विचारलं.

"तुमी म्हणशीला तसं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याला एकेक गोष्ट दाखवायला लागली. दुधाला विरजण किती लावायचं, लोणच्याच्या बरणीचं फडकं कसं बांधायचं, ज्वारीत लिंबाचा पाला कुठवर घालायचा. आकाराम मान डोलवत ऐकून घ्यायचा. ती हे का सांगतेय ते त्याला कळत होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिला समजू नये म्हणून तो मुद्दाम चुकायचा.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्याने गोठ्यातला एक वेळू घेतला, बोळाच्या सगळ्यात चिंचोळ्या जागी आडवा धरला, दोन्हीकडे विताविताची जागा सोडून कापला. शिवतेज जायच्या आत या वेळूपेक्षा अरुंद आणि आपण स्वतः चालवू अशी, क्लच नसलेली गाडी मिळाली तर राहीबाई घरी राहील. नाही मिळाली तर साताऱ्याला जाईल. एवढंच होतं.

वेळू घेऊन तो सांगलीला गेला. बरोबर पलटणीतला जोडीदार धनाजी होता. कवठे महांकाळकडची आपली मेंढरं पोराच्या हवाली करून आला होता.

पहिली गाडी वेळूच्या मापात बसली. आकाराम उजवा पाय आत घालून बसला, डावा हातांनी उचलून आत घेतला, तर गुडघा स्टीअरिंगखाली अडकला.

"काका, जरा पाय दुमडून बघा," शोरूममधला पोरगा म्हणाला.

"दुमडाया आला असता तर तुझ्याकडं कशाला आला असता?" धनाजी म्हणाला. "सायकल मारत गेला असता की सांगलीला."

दुसरीत पाय मावला, पण टोपी छताला लागली. टोपी काढली तर डोकं लागलं. तिसऱ्या दुकानात ऐसपैस गाडी दाखवली. आकाराम आत मजेत बसला, आणि बाहेर धनाजीने वेळू आडवा धरून मान हलवली.

"ही घे गड्या, आन् भाऊसोची भित पाड."

"भाऊसो मला पाडंल."

"मग एकच इलाज हाय. तुला टपावर बसवू आन् वरनं दोऱ्यानं चालव."

आकाराम हसला. पण उसाच्या रसाच्या गाड्यापाशी दोघं थांबले तेव्हा धनाजी थट्टा सोडून, ग्लास हातात धरून म्हणाला, "आक्या, वहिनींना साताऱ्यालाच ठेवावं लागंल बघ."

आकाराम वेळूला लागलेली माती नखाने काढत राहिला.

दीपमालेने मात्र शोध सोडला नव्हता. तिच्या कॉलेजातल्या एक बाई निवृत्त होऊन आपली गाडी विकत होत्या. गाडी बिनक्लचची, छोटी, पण उभट, पिठाच्या डब्यासारखी. दीपमालेने टेप घेऊन सीट मागे किती सरकते, छत किती उंच आहे, पेडलपासून पाठीपर्यंत किती जागा राहते, सगळं मोजलं. वडिलांच्या विजारी लहानपणापासून तीच शिंप्याकडे टाकायची, त्यामुळे त्यांच्या पायाचं माप तिला पाठ होतं.

"तुम्ही बसाल, आबा," ती फोनवर म्हणाली. "नक्की बसाल. आईलापण घेऊन या."

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवशी ते निघाले. शिवतेज जीप चालवत होता. आकाराम पुढे, राहीबाई नेहमीसारखी मागे आडवी, जीपच्या मागच्या उघड्या बाजूने सुटत जाणारा रस्ता बघत. निघताना तिने आपली कापडी पिशवी स्वतःच जीपमध्ये ठेवली होती. पिशवी फुगलेली होती. वर तिच्या दोन साड्यांचे काठ दिसत होते. आकारामने ते पाहिलं.

साताऱ्यात दीपमालेच्या दारात ती डब्यासारखी गाडी उभी होती. वेळू लावला, गाडी मापात होती. आकारामने सीट पार मागे ढकलली, बसला, डावा पाय आत घेतला आणि लांब सोडला. पाय सरळ राहिला. टोपी आणि छत यांच्यामध्ये पंजा जाईल एवढी जागा होती. त्याने स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि जरा वेळ तसाच बसला. मग गल्लीतून एक चक्कर मारून आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघून शिवतेजने मान दुसरीकडे वळवली.

"आता आईला बसवू," दीपमाला म्हणाली.

तिने मागचं दार उघडलं. राहीबाई वाकून आत शिरली आणि अर्ध्यातच थांबली. आकारामची सीट मागच्या सीटला जवळजवळ टेकली होती. आडवं व्हायचं तर पाय सोडायला जागाच नव्हती. तिने ते पोटाशी घेऊन बघितले. दीपमालेने पुढची सीट थोडी पुढे घेतली, अजून थोडी घेतली. राहीबाईच्या पायांना जागा झाली, तशी आकारामच्या पायाची गेली.

दीपमाला टेप हातात घेऊन उभी राहिली. तिने सगळं मोजलं होतं. फक्त मागे आई निजलेली असेल हे तिने मोजलं नव्हतं, कारण निजलेल्या माणसाला लागणारी जागा मोजायची गरज तिला वाटली नव्हती.

"असूं दे," राहीबाई आतूनच म्हणाली. "माझी पिशवी काढा जीपमदनं. आज हितंच ऱ्हाते. पुन्यांदा कशाला हेलपाटा?"

पिशवी आणायला कुणी गेलं नाही. ती बाहेर यायला लागली आणि पाय गोळा करताना पोटरीत गोळा आला. ती दाराची कड धरून वाकली, तोंडातून आवाज येईना. आकारामने तिला काखेत धरून बाहेर ओढलं. बसवायचं कुठे? जीप गल्लीच्या टोकाला होती. जवळ होतं ते गाडीचं पुढचं डावं दार. त्याने ते उघडलं, सीट मागे ढकलली, तिला बसवलं आणि सीटची पाठ कलती केली. दीपमाला खाली उकिडवी बसून पोटरी चोळायला लागली. बोटं वर ओढून धरली.

हळूहळू गोळा उतरला. राहीबाईने डोळे उघडले. पाय लांब सोडलेले होते आणि समोर कशालाही लागत नव्हते. तिने टाच अजून पुढे नेऊन बघितली.

"आगं बया, हितं तर म्हस निजंल," ती म्हणाली.

आणि लगेच आपण कुठे बसलोय हे ध्यानात येऊन तिने पदर सावरला, दाराला हात घातला. "उठते. बाप्यांची जागा."

आकाराम दारापाशी उभा होता. जीप घेतली तेव्हा पुढे त्याचे वडील बसायचे. मग पाव्हणेरावळे, मग जयराज, शिवतेज चालवायला लागल्यावर तो स्वतः. बायका मागे, पोत्यांबरोबर, पोरांबरोबर. राहीबाईला कुणी कधी पुढे बसू नको म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती. सांगलीच्या तीन दुकानांत तो शेजारच्या सीटवर हात टेकून उतरला होता, आणि ती जागा त्याने मोजली नव्हती.

"बस," तो म्हणाला.

"आवं, पर..."

"बस म्हनतो न्हवं."

त्याने दार लावून घेतलं, गाडीला वळसा घालून आपल्या जागी येऊन बसला. मधे हाताच्या अंतरावर ती होती. दीपमाला अजून खालीच बसलेली होती. तिने हातातली टेप सोडली, ती सुर्रकन आपल्या डबीत गेली.

कागदपत्रांचं सगळं पुढच्या आठवड्यात झालं, तोवर राहीबाई लेकीकडेच राहिली. गाडी घरी आणली त्या दिवशी राहीबाई पुढेच बसली होती, पण गावची कमान दिसल्यावर म्हणाली, "हितं जरा थांबीवता का? मागं बसते. कट्ट्यावर समदी असतील."

आकारामने गाडी थांबवली नाही. मागे जागा नाही, हे तिला माहीत होतं.

कट्ट्यावर समदी होती. बोळाच्या तोंडाशी त्याने दोन्ही आरसे मिटवले. कट्ट्यावरून खाली सोडलेले पाय लोकांनी वर घेतले.

"काय रं आकाराम," भाऊसो वरून म्हणाला, "पुन्यांदा ड्रायव्हर झालास व्हय?"

"मग काय. सायबीण बसलीया शेजारी, दिसत न्हाई?"

हशा झाला. राहीबाईने पदर पुढे ओढला, पण तोंड झाकलं नाही. भाऊसो उतरून आपल्या भिंतीपाशी आला आणि हाताने 'ये, ये' करत गाडी आत घेऊ लागला. दाराच्या आणि भिंतीच्या मधे वीतभर जागा उरली. गाडी उंबऱ्यापाशी उभी राहिली. राहीबाई कुणाच्या हातांवर न चढता दोन पावलांत घरात गेली. पिशवी आकारामने मागून आणली.

शिवतेज ट्रेनिंगला गेला. डायलिसिसने माणूस बरं होत नाही, दिवस ढकलले जातात, हे डॉक्टरांनी आकारामला नीट सांगितलं होतं आणि तो ते विसरला नव्हता. पुढच्या खेपेला सांगलीहून परत येताना राहीबाईचे ओठ पांढरे पडले होते. कृष्णेचा पूल ओलांडला आणि पुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. तो त्यांच्या मागे सावकाश चालवत राहिला, पुढे काढायची घाई केली नाही.

ती कलत्या सीटवरून काचेतून बघत होती.

"रस्ता असा समोरनं येतो व्हय?" ती म्हणाली. "मला वाटायचं, आपुन नुसतं मागं जातूया."

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. समोरच्या ट्रॉलीचे दिवे लागले होते. थोड्या वेळाने त्याने नजर वळवली. ती झोपली होती. पोटऱ्यांत आज गोळे आले नव्हते. तिचे पाय लांब सोडलेले होते, त्याचाही डावा पाय लांब होता, आणि गाडी खड्ड्यातून गेली की सगळे पाय एकदमच हलत होते. त्याने वेग आणखी कमी केला.